दुकान आता खाली

अकरा वर्षं शोभनाताईंची भाजणी इंदूरच्या मल्हारगंजात पहिल्या मजल्यावर विकली गेली आणि अकरा वर्षं गिऱ्हाइकं एकतीस पायऱ्या चढताना त्यांच्या नावाने बोटं मोडत आली. भाजणीच अशी की लोक चढायचे. पण गिऱ्हाइकांचे गुडघे वर्षागणिक कुरकुरायला लागले होते आणि थालीपीठ कितीही खुसखुशीत झालं तरी त्यापायी कोणी गुडघ्याची वाटी बदलून घेत नाही. म्हणून तळमजल्यावरचा गाळा रिकामा झाला तेव्हा शोभनाताईंनी घरमालक श्रीकृष्णजींचा पिच्छाच पुरवला.

श्रीकृष्णजींचं शेजारीच बनियन-टॉवेलचं दुकान होतं. ते म्हणाले, "भाभीजी, मुझे बगल में भीड़ चाहिए. संडे को ट्रायल कर लो. भीड़ दिखी तो दुकान आपकी, नहीं तो मोबाइल कवर वाला तैयार बैठा है." आणि वरची खोली त्यांनी लगेच आपलं गोदाम करून टाकली, म्हणजे परतीचा रस्ताही बंद.

गर्दीचं नाव निघताच पुतण्या अंकुर धावून आला. तो विजय नगरात डिजिटल मार्केटिंगच्या कंपनीत होता. दातांच्या एका दवाखान्याला त्याने दोन हजार फॉलोअर मिळवून दिले होते. त्यातल्या एकाचाही दात दुखत नव्हता, ही गोष्ट वेगळी.

शोभनाताईंनी वहीत मेसेज लिहून ठेवला होता: 'आमच्याकडील भाजणी, मेतकूट व गोडा मसाला आता जिना न चढता तळमजल्यावर मिळेल, तरी सर्वांनी अगत्य येणेचे करावे.'

"काकू, एवढं कोण वाचून राहिलं?" अंकुर म्हणाला. "मोबाइलवर आपल्याला तीन सेकंद मिळतात. हुक पाहिजे, हुक!"

"हुक ब्लाउजला असतात रे."

अंकुरने कात्री चालवली आणि रविवारी सकाळी नऊ वाजता बाराशे मोबाइलवर मेसेज गेला: 'शोभना गृहउद्योग. दुकान आता खाली!' शोभनाताईंनी वाचून मान डोलावली. छान होता. मुद्द्याचा होता.

फक्त त्या बाराशेतली अर्धी माणसं हिंदी बोलणारी होती, आणि मराठीत 'खाली' म्हणजे तळाशी असलं तरी हिंदीत 'खाली' म्हणजे रिकामं. इंदूरच्या मराठी माणसाच्या ताटात दोन्ही भाषा एकत्र कालवलेल्या असतात, त्यामुळे कुठला घास कुठला हे घशात अडकेपर्यंत कळत नाही.

सव्वानऊला पहिला फोन आला. "मैडम, दुकान खाली है ना? कितने बाय कितने की है?"

"बारा बाय पंधरा. आओ ना, आओ!" शोभनाताई हरखून म्हणाल्या.

तो आला. दलाल होता. सोबत दोन भाडेकरू आणि एक मोजपट्टी. त्याच्या मागून एक किराणावाला आला आणि त्याने तराजूची किंमत विचारली. समोरच्या चहावाल्याने हात जोडले, "धंधे में ऊँच-नीच चलती रहती है, बहनजी. हिम्मत रखो." शोभनाताईंना वाटलं, भाजणी घेताना हिंमत कशाला लागते?

एवढ्यात सुदामा नगरहून त्यांचा धाकटा भाऊ तुकोजी टेम्पो घेऊन हजर झाला. जन्माने मराठी, पण शाळा हिंदी, त्यामुळे त्यानेही मेसेज हिंदीतच वाचला होता. "ताई, दुकान खाली करून राहिली अन् सख्ख्या भावाला मेसेजवरून कळतं?" असं म्हणत, डोळे पुसत, त्याने बरण्यांचं रॅक उचललंसुद्धा. दुसरं टोक धरून शोभनाताई ओरडल्या तेव्हा कुठे सगळा उलगडा झाला.

"काकू, पण रिस्पॉन्स बघा ना! चाळीस टक्के!" अंकुर मोबाइल नाचवत होता.

"इथं माझ्या बरण्या टेम्पोत चालल्या अन् तू टक्के मोजून राहिला? आधी दुरुस्त कर!"

अंकुरने तीन सेकंदांत दुरुस्त केलं. दुसरा मेसेज गेला: 'दुकान खाली नाही!!'

दलालाने मोजपट्टी गुंडाळली. किराणावाला गेला. तुकोजीने रॅक जागेवर ठेवलं आणि टेम्पोत जाऊन झोपला. मग मात्र एक वाजेपर्यंत दुकानात कुत्रंही फिरकलं नाही. आता ते खरोखरच, अगदी हिंदीतून, खाली होतं.

इतक्यात मागच्या गल्लीतल्या जिन्याकडून घामाघूम श्रीकृष्णजी आले. त्यांना बघून शोभनाताई उठून उभ्या राहिल्या. अकरा वर्षांनी रस्त्यावरचं दुकान मिळालं होतं, तेही अर्ध्या दिवसात जाणार! त्यांना रडूच फुटलं.

"बुला लो उस मोबाइल कवर वाले को," त्या म्हणाल्या. "नहीं आई भीड़."

"भीड़ नहीं आई? ऊपर चलके देखो! सत्ताईस औरतें मेरे गोडाउन में बैठी हैं!"

शोभनाताई मागच्या गल्लीत धावल्या. वरून जुन्या गिऱ्हाईक सखुबाईंचा आवाज आला. वय अठ्ठ्याहत्तर, पण आवाज तिशीतला. "अगं शोभना, मेसेज आला की दुकान खाली नाही. मग वरच असणार ना? चढलो बाई सगळ्या. आता ऊन उतरेस्तोवर एकीचाही गुडघा उतरणार नाही. भाजणी वर पाठव, अन् मेतकूट पण!"

"बैठे-बैठे बोर हो रही थीं," श्रीकृष्णजी हळूच म्हणाले आणि त्यांच्या घामेजल्या चेहऱ्यावर हसू फुटलं. "बत्तीस बनियन ले गईं, भाभीजी. टॉवेल अलग. दुकान आपकी. पक्की!"

शोभनाताईंचे डोळे पुन्हा भरले, या वेळी आनंदाने. "खरंच?"

"एकदम. बस एक शर्त है. हर संडे ये दूसरा वाला मैसेज जाना चाहिए."

"काकू, वर पण विक्री, खाली पण विक्री, ह्याला ऑम्नीचॅनल म्हणतात," अंकुर पुटपुटला.

"तू पिशवी धर," शोभनाताई म्हणाल्या. त्यांनी हक्काच्या तळमजल्यावरच्या दुकानाला कुलूप घातलं, पदर खोचला आणि भाजणी विकायला त्या एकतीस पायऱ्या चढू लागल्या.