दादासाहेबांची कांडी आणि सुगंधाची कुपी

एका जंगलात, मुलांनो, सगळे प्राणी काचेचं काम करायचे. का, असं विचारू नका. तुमच्या जंगलात सगळे इंजिनिअर होतात, तेव्हा तुम्ही विचारता का?

तर हे प्राणी दिव्याच्या ज्योतीवर काच मऊ करायचे आणि तिच्या अत्तराच्या कुप्या घडवायचे. शिकणाऱ्याला स्वतःची ज्योत नसे. गुरूची ज्योत, गुरूची वेळ, गुरूचा मूड. त्याची कुपी काच मंडळाच्या पाटावर स्वतःच्या बुडावर उभी राहिली, की मग त्याला स्वतःची ज्योत मिळायची.

सुगंधा नावाच्या उदमांजरीला ही ज्योत फार हवी होती. इतकी, की ती झोपेतसुद्धा गाल फुगवायची. तिचे गुरू होते दादासाहेब साळिंदर. दादासाहेब दुपारी वामकुक्षी घेत, तेव्हा सुगंधाला ज्योत मिळे. ते उठले की तिनं चहा ठेवायचा.

आता कुपी कशी घडते ते ऐका. नळीवर फुंकून आधी तिचं पोट करायचं. मग बुडाला काचेची एक कांडी चिकटवायची आणि वरची नळी तोडायची. कांडीला धरून कुपीचं तोंड घडवायचं. तोंड झालं, की कांडीचं काम संपलं. एक टिचकी मारायची, कांडी बाजूला. बुडाला राहिलेला ओरखडा ज्योतीवर धरून गुळगुळीत करायचा.

म्हणजे जोड कच्चाच हवा. कांडी टेकण्यापुरती तापवायची, मुरण्याइतकी नाही. सुगंधाला हे ठाऊक होतं. दादासाहेबांनाही ठाऊक होतं. पण कांडी धरायचे दादासाहेब, आणि कांडी सुटली की कुपीबरोबर फोटोत कोण येणार?

म्हणून ते कांडीचं टोक ज्योतीत धरून ठेवायचे. टोक काकवीसारखं ओघळायला लागलं, की कुपीच्या बुडात दाबायचे.

"दादासाहेब, एवढी नका तापवू," सुगंधा म्हणाली. "नुसती टेकवा."

"नुसती टेकवू?" दादासाहेबांचे काटे उभे राहिले. "अगं, मी तुझा गुरू आहे. आमचा आधार म्हणजे काय पावसाळी छत्री वाटली तुला?"

कुपीचं तोंड सुरेख झालं. सुगंधानं कांडीला टिचकी मारली. कांडी हलेना. जरा जोरात मारली. टच्च! कांडी सुटली, आणि कुपीचं सगळं बूड घेऊन सुटली.

सुगंधाला रडू कोसळलं. दादासाहेबांनी तिच्या पाठीवर हात ठेवला. हात ठेवायला त्यांना फार आवडायचं.

"बघितलंस?" ते म्हणाले. "आमचा आधार काढला, की तुमचं बूड राहत नाही."

हेच त्यांनी मंडळात जाऊन सांगितलं. इतक्या शिष्यांच्या कुप्यांची बुडं गेली, तेव्हा दोष कुणाचा? सोडवणाऱ्याचा! मंडळाचे अध्यक्ष गवेकाका रवंथ करत होते. ते मान हलवत होते, त्याला सगळ्यांनी होकार मानलं. ठराव झाला: यापुढे कांडी काढू नये. कुपी पाटावर उभी राहिली नाही तरी चालेल. गुरू धरतील.

मग सोय झाली. बाकीचे शिष्य भराभर पास झाले. त्यांना ज्योती मिळाल्या, पण कुप्या राहिल्या दादासाहेबांकडे, कारण कांडी दादासाहेबांची. ते सगळ्या कांड्या पाठीवरच्या काट्यांत खोचून जंगलभर फिरत. कुणाला नमस्कार करायला वाकले की अत्तर डोक्यावर सांडे. लोक म्हणत, काय हा सुवास, काय ही गुरुपरंपरा!

सुगंधाला मात्र ज्योतही हवी होती आणि कुपीही. हावरट होती बिचारी.

एका दुपारी दादासाहेब घोरत होते, तेव्हा तिनं स्वतःच्या हातानं कांडी धरली. जेमतेम तापवली. हलकेच टेकवली. तोंड घडवलं, जोड जरा निवू दिला आणि टिचकी मारली. कांडी निमूटपणे बाजूला झाली. बुडाचा ओरखडा तिनं ज्योतीवर असा विरघळवला, की बोट फिरवलं तरी कळू नये. मग गरम राखेत कुपी हळूहळू थंड केली.

ती मंडळाच्या पाटावर ठेवली. कुपी उभी राहिली! गवेकाकांनी रवंथ थांबवला.

"कांडी कुठाय?" त्यांनी विचारलं.

"काढली."

"मग ही उभी कशावर आहे?"

"बुडावर, काका. दिसतंय ना?"

"उभी आहे ते दिसतंय. कुणाच्या आधारानं, ते दिसत नाही," गवेकाका म्हणाले. "नियमात बसत नाही. ज्योत नामंजूर."

सुगंधाला असा संताप आला, की कुपी उचलून त्यांच्या शिंगावर आपटावीशी वाटली. पण तिनं ती आपटली नाही. ती परत दादासाहेबांच्या ज्योतीपाशी गेली. कुपी पुन्हा राखेत सावकाश गरम केली आणि तिच्या स्वच्छ बुडाला एक कांडी चिकटवली. जेमतेम. नुसती टेकवली. मग कांडी दादासाहेबांच्या हातात दिली आणि म्हणाली, "चुकलं माझं. चला, सभा खोळंबलीय."

दादासाहेब गहिवरले. सभेत त्यांनी कांडी दाखवली. गवेकाका म्हणाले, "आता कसं! ज्योत मंजूर." सुगंधानं ज्योतीचा दिवा तिथल्या तिथे ताब्यात घेतला.

दादासाहेबांचं भाषण सुरू झालं. "ही आज जी कोणी आहे," ते गरजले, "ती या आधारामुळे!" आणि त्यांनी कांडी जोरात वर उंचावली.

टुक्.

कुपी सुटली. सुगंधा खालीच उभी होती, शेपटीची गादी करून. तिनं कुपी अलगद झेलली, काखेत घातली, दिवा उचलला आणि चालू लागली.

कुणाचंच लक्ष नव्हतं. सगळे वर बघून टाळ्या वाजवत होते. दादासाहेबांच्या हातात नुसती कांडी होती. तिला हार घातला. दादासाहेबांना शाल दिली. त्या कांडीची आता मंडळाच्या कपाटात स्थापना झाली आहे, आणि तिच्यावर काय घडलं होतं ते कुणालाही आठवत नाही.

तात्पर्य: मुलांनो, कुपी घडवायला शिकू नका, त्यात बोटं भाजतात. कांडी धरायला शिका. आणि वस्तू सुटून गेली, तरी हात खाली घेऊ नका.