जागा धरलेली आहे!

एसटीत जागा धरण्यात माझा हात धरणारा माणूस आमच्या शहरात तरी मला भेटलेला नाही. बस फलाटाला लागायच्या आत मी तिच्या बाजूनं पळत खिडकीतून रुमाल टाकतो. रुमाल नसेल तर टोपी, टोपी नसेल तर वर्तमानपत्र. एकदा तर केळ्यांचा घड टाकून जागा धरली होती! त्यावर कुणी बसलं नाही. कोण बसणार?

म्हणूनच त्या रविवारी मी निर्धास्त होतो. गोष्ट मोबाइलच्या आधीची, श्रावणातली. मीनाक्षी माझ्याच ऑफिसात होती आणि आमचं जमलं होतं. जमायचे राहिले होते फक्त तिचे वडील! व्यंकटराव कोषागारातून निवृत्त झाले होते आणि आता जावई तपासायचं काम करत होते. एका इंजिनिअर मुलाला त्यांनी चुकीच्या फलाटावर उभा राहिला म्हणून नकार दिला होता.

"ज्याला स्वतःचा बंदोबस्त करता येत नाही, तो माझ्या पोरीचा काय करणार?" हा त्यांचा सवाल.

मीनाक्षीनं तोड काढली. तिघांनी गौताळ्याच्या अभयारण्यात भटकायला जायचं. बाबांना जंगलाची हौस, मला बंदोबस्ताची!

"पण लग्नाचं अवाक्षरही काढायचं नाही," तिनं बजावलं. "घाई केलेली बाबांना खपत नाही. आज फक्त छाप पाड. दिवाळीनंतर मी बघते."

छाप पाडायला मी पहाटे उठून स्वतःच्या हातानं धपाटे केले, शेंगदाण्याची चटणी कुटली. बॅटरी, टॉवेल आणि ओढ्यात पाय भिजलेच तर म्हणून मोज्यांचे जोड घेतले. सगळं पतसंस्थेनं वाटलेल्या हिरव्या बॅगेत भरलं. त्या वर्षी सगळ्या सभासदांना तीच बॅग मिळाली होती. जिल्ह्यात जिकडंतिकडं हिरवंगार!

चाळीसगावची बस आली. ही गर्दी! खिशातला रुमाल नेमका घरी राहिलेला. व्यंकटराव बघत होते. मी पळालो, उडी मारली आणि बॅगच खिडकीतून आत फेकली!

"वा!" व्यंकटराव म्हणाले. मीनाक्षी लाजली. मी आभाळात!

आत शिरून बघतो तर पलीकडच्या खिडकीतूनही कुणीतरी तोच पराक्रम केलेला. एक हिरवी बॅग बाकावर, दुसरी घसरून बाकाखाली. बाकावरची अर्थातच माझी! खालची मी मोठ्या मनानं, मागच्या बाकावरून बॅग शोधणाऱ्या एका बाईंना उचलून दिली. व्यंकटरावांनी तेवढ्यात माझ्या सौजन्याचीही तारीफ करून टाकली.

त्या बाई म्हणजे द्वारकाबाई. शेजारी त्यांचा मुलगा काकासाहेब, कडक इस्त्रीत, हलला तर घडी मोडेल असा बसलेला.

"कुठं निघालात?" बाईंनी विचारलं.

"गौताळ्याला. जंगलात चालायला," व्यंकटराव म्हणाले.

"कुणाचं काय हरवलं?"

"काही नाही हो. असंच चालायचं."

"बिनकामाचं?" द्वारकाबाईंनी आमच्याकडं फार मायेनं पाहिलं. "जपून जावा बापा."

त्या कन्नडला उतरल्या. आम्ही पुढं घाटाच्या अलीकडं फाट्यावर उतरलो आणि अभयारण्याच्या वाटेला लागलो. काय ती हिरवाई! ओढे खळाळत होते, मोर ओरडत होते. मी दिसेल त्या झाडाला साग म्हणत होतो. व्यंकटराव खुशीत होते, म्हणून दोन-चार झाडं खपलीही. मीनाक्षी मागून डोळ्यांनीच शाबासकी देत होती. दिवाळी आता हाताच्या अंतरावर आली होती!

धबधब्यापाशी आम्ही खडकावर बसलो.

"हं, काढा वैजनाथराव तुमचा बंदोबस्त," व्यंकटरावांनी हात चोळले. "भूक लागली."

"तुम्हीच उघडा ना!" मी ऐटीत बॅग त्यांच्यापुढं सरकवली.

त्यांनी चेन ओढली. आधी निघाली हिरवी जरीची साडी. मग नारळ. मग हळदीकुंकवाचे करंडे. मग लाल मखमली डबीत अंगठी. आणि शेवटी चमकत्या कागदाचा, गोंडे लावलेला, भलाथोरला साखरपुड्याचा पेढ्यांचा पुडा!

धबधब्याचा आवाज एकाएकी फार मोठा झाला. मीनाक्षीनं माझ्याकडं असं पाहिलं, की त्या धारेखाली जाऊन उभं राहावंसं वाटलं.

"वैजनाथराव," व्यंकटराव हळू आवाजात म्हणाले, "हे काय आहे?"

काय सांगणार? बॅग बदलली म्हणावं, तर ज्याला स्वतःची बॅग ओळखता येत नाही तो जावई बाद! गप्प बसावं, तर जंगलात गाठून साखरपुडा उरकणारा आगाऊ माणूस बाद! तरी मी धीर करून तोंड उघडलं, "त्याचं असं झालं..."

"बोलू नका!" व्यंकटराव उठले. त्यांनी साडी उचलली, लेकीच्या खांद्यावर ठेवून बघितली आणि त्यांचा आवाजच बदलला. "हिची आई असती तर तिनं हाच रंग घेतला असता. मला वाटलं होतं, तुम्ही दिवाळीपर्यंत रेंगाळाल. हिंमत आहे तुमच्यात!"

आणि त्यांनी पुडा फोडला. एक पेढा मीनाक्षीच्या तोंडात, एक माझ्या तोंडात, एक स्वतःच्या! तोंडात पेढा असताना खरं कसं बोलणार? मी मान डोलावली. इतका आनंद मला जन्मात झाला नव्हता आणि इतकी भीतीही वाटली नव्हती.

तेवढ्यात वरून एक वानर आलं. त्यानं आम्हा तिघांकडं पाहिलं, पुडा बगलेत मारला आणि झाडावर जाऊन बसलं.

"शुभशकुन!" व्यंकटराव म्हणाले. त्या क्षणी त्यांना सगळंच शुभ दिसत होतं.

मी मनाशी ठरवलं, की पेढा गिळला की सांगायचं. पण गिळायच्या आतच वाटेवर जीप करकचून थांबली.

"ह्येच त्ये! बिनकामाचे!"

द्वारकाबाई! मागून काकासाहेब, कपाळाला टिळा, हातात माझी बॅग.

"अहो, माझ्या पोराचा साखरपुडा घिऊन जंगलात काय बसलात?" द्वारकाबाई कडाडल्या. "तिथं पाटावर नवरी बसलीया, पाव्हणे जमल्यात, म्या बॅग उघडली अन् भर मंडपात काय निघालं? मोजे! पोरीचा मामा इचारतो, ह्यो तुमच्यात रिवाज हाय व्हय?"

व्यंकटराव माझ्याकडं वळले. "म्हणजे ही बॅग तुमची नाही?"

"नाही."

"साडी?"

"नाही."

"तुम्ही मागणी घातलीच नाही?"

"घालायची होती," माझा आवाज चिरकला. "मनापासून घालायची होती! पण दिवाळीनंतर."

वरून वानरानं गोंडा खाली टाकला. मीनाक्षीनं साडीची घडी घालून द्वारकाबाईंच्या हातात दिली. तिचे डोळे भरले होते, आणि ते पाहून मला स्वतःची एवढी चीड आली की विचारू नका.

"मंग आता घाल की!" द्वारकाबाईंनी मला कोपर मारलं. "तोंड हाय का नाय? पोरगी रडाया लागली!"

मी व्यंकटरावांच्या पुढं जाऊन उभा राहिलो. "मला मीनाक्षी आवडते. तुमची मुलगी मला द्या. माझ्याजवळ आत्ता साडी नाही, नारळ नाही. आहेत ते मोजे आणि धपाटे."

"धपाटे बी नायत," काकासाहेब पहिल्यांदाच बोलला. "पाव्हण्यांनी खाल्ले. पोरीच्या मामानं तीनदा मागून घेतले. लई झकास झालते."

"कोणी केले होते?" व्यंकटरावांनी विचारलं.

"मी."

त्यांनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. चुकीच्या फलाटावरचा तो इंजिनिअर माझ्या डोळ्यांसमोर उभा राहिला.

"पेढा तर मी खाऊन बसलोय," अखेर ते म्हणाले. "आता तो परत करता येत नाही. दिली!"

मग काय! पुडा वानरानं काही सोडला नाही. कन्नडला नवे पेढे घेऊन आम्ही सगळे त्याच जीपमधून मंडपात गेलो आणि पंगतीला मानानं बसलो. मामांनी माझी गळाभेट घेतली. द्वारकाबाईंनी मीनाक्षीची ओटी भरली. "आता बिनकामाचं हिंडू नगा," एवढंच त्यांचं सांगणं होतं.

परतीच्या बसला मरणाची गर्दी. मी सवयीनं बॅग उगारली, तर व्यंकटरावांनी माझं मनगट धरलं.

"ती इकडं द्या," ते म्हणाले आणि बॅग छातीशी धरून उभे राहिले. मीनाक्षीला एका बाईंनी सरकून जागा दिली. आम्ही सासरे-जावई वेरूळच्या पुढं घाटभर लोंबकळत राहिलो.

दौलताबादला मात्र एक प्रवासी उतरला. आमच्यासमोरच खिडकीची जागा रिकामी झाली! मी व्यंकटरावांना हात केला, तर त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली.

"बसा जावईबापू! आज तुमचा मान."

सगळ्या बसनं ऐकलं. मीनाक्षीनं ऐकलं. मी सदरा सारखा केला, दिवसभराचे सगळे घोटाळे विसरलो आणि ऐसपैस बसलो.

एवढ्यात पेरूची पाटी घेऊन तिथंच चढलेल्या एक आजीबाई गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या.

"ऊठ रं बापा. तुझ्याखाली माझा रुमाल हाय!"