लाभाची जागा

विमानात बसायला आलेल्या माणसाला आधी धान्याच्या काट्यावर चढवणारा मालक तुम्ही कधी पाहिलाय? मी पाहिला. नुसता पाहिला नाही, दोन वर्षं त्याच्याकडे तिकिटं फाडली. त्या दोन वर्षांत जितक्या वेळा माझी वाचा बसली, तितक्या वेळा लग्नानंतरही बसली नाही.

गुलाबभाऊ प्रताप नगरात आमच्या मागच्या गल्लीत राहायचे. मूळचे मौद्याचे. इतवारीच्या धान्यबाजारात मापारी म्हणून लागले, म्हणजे दिवसभर पोती तोलायची आणि मोठ्यानं मोजायची. पुढे एक बस घेतली, एकीच्या तीन झाल्या. इथपर्यंत ठीक होतं. मग सत्तरच्या दशकातल्या एका सकाळी मी दाढी करत असताना ते खिडकीशी आले आणि भाजी घेतल्याच्या सुरात म्हणाले, की बापू, विमान घेतलं, तिकिटावर बसशील का? वस्तरा हनुवटीवरच थांबला. ती खूण अजून आहे.

विमान म्हणजे लिलावातलं जुनं डकोटा. नागपूर ते जगदलपूर, आठवड्यातून तीनदा. बसला दोन दिवस लागायचे, विमानाला दोन तास, आणि भाडं बसच्या जेमतेम दुप्पट. शिकल्यासवरल्या लोकांनी त्यांना वेड्यात काढलं. मीही काढलं, पण मला नोकरी नव्हती.

त्यांना बस तेवढी चालवता येत होती, म्हणून त्यांनी विमानही बससारखंच चालवलं. चहा नाही, गोळ्या नाहीत. मागच्या बाजूला दोरीनं बांधलेला एक माठ आणि साखळीला अडकवलेला पेला. सीट भरल्याशिवाय गाडी हलायची नाही. दोन जागा रिकाम्या दिसल्या, की हे फाटकाबाहेर जाऊन "जगदलपूर, जगदलपूर" असा पुकारा करत. "हवा नेऊन राहिलो का मी? हवा तं वर फुकट भेटते," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. सगळे बसले, की खाली उभे राहून विमानाच्या पत्र्यावर तळहातानं दोनदा थाप मारायचे, कंडक्टर मारतो तशी. आमचे कॅप्टन हवाई दलातून निवृत्त झालेले, पिळदार मिशांचे. पहिल्या थापेला ते राजीनामा लिहायला बसले. तिसऱ्या महिन्यात हीच स्वारी थाप ऐकल्याशिवाय इंजिन सुरू करेना.

आणि तो काटा. विमानात वजन जास्त झालं तर जिवाशी गाठ, हे खरंच. पण गुलाबभाऊंनी थेट बाजारातला काटाच आणून ठेवला. एका लठ्ठ शेठजींना त्यांनी हात जोडून विचारलं, की पेटीतलं कमी करता का पोटातलं? शेठजींनी लोणच्याची बरणी काढून ठेवली. बाजारात मापारी पहिल्या मापाला एक म्हणत नाही, लाभ म्हणतो, मग दोन, तीन. गुलाबभाऊंची मोजणी मात्र अजबच. रिकाम्या काट्याकडे बघत ते "लाभ" म्हणायचे आणि पहिला प्रवासी चढला की "दोन". मी म्हटलं, असेल काहीतरी सवय.

एकदा भयंकर गर्दी होती. दाराजवळची पहिली जागा विकायची नाही, असं त्यांनी मला बजावलं होतं, पण जंगल खात्याचे एक साहेब अडून बसले आणि मी ती विकली. गुलाबभाऊंनी पाहिलं. साहेबांच्या अक्षरशः पाया पडून त्यांना खाली उतरवलं, पैसे परत दिले आणि ती जागा रिकामी ठेवून विमान सोडलं. मी सुन्न. सुतळीचा तुकडा खिशात घालणारा हा माणूस चक्क हवा नेत होता!

"ते मायची जागा हाय," ते एवढंच म्हणाले.

बाकीचं हळूहळू कळलं. त्यांची धाकटी बहीण शांता जगदलपूरला दिलेली. नऊ वर्षं मायलेकींची भेट नव्हती. शांताचं सासर मोठं, तिला निघता यायचं नाही, आणि मायची कंबर अशी मोडलेली, की दोन दिवसांचे बसचे दणके तिला सोसणं शक्य नव्हतं. म्हणून विमान! आईला लेकीकडे न्यायला कोणी टॅक्सी करतं, ह्यांनी अख्खी कंपनी काढली. आणि माय बसायलाच तयार नव्हती. मी जमीन सोडत नाही, हा तिचा हेका. तरी दर खेपेला ही जागा ठेवलेली.

दोन वर्षांनी इंजिन थकलं. नवं घेणं आवाक्याबाहेरचं, परवानाही संपत आलेला. शेवटची फेरी ठरली, आणि मी गुलाबभाऊंना न सांगता मौद्याला मायकडे गेलो.

म्हातारी अंगणात कुरडया वाळवत होती. माझं ऐकून घेतलं आणि हसली.

"मले कायचं भेव गा? मी चढली तं त्याले बी माह्यासंग चढा लागन. लहानपणी कवेलू फेरायले छपरावर चढला, तं उतरता येईना. मीच काखेत धरून उतरवला. चार लोकायसमोर मालकाची गाळण उडाली, तं कंपनीत कोण बसन?"

मी आ वासून बघत राहिलो. दोन वर्षांत हा माणूस एकदाही विमानात चढला नव्हता. माठसुद्धा खालूनच वर द्यायचा. मालक आहे, जागा कशाला अडवेल, असं मी समजत होतो. मुलाची लाज झाकायला ही बाई लेकीची भेट सोडून बसली होती! मला स्वतःचाच राग आला. कंपनी बंद होतेय, हे मी सांगितलं. तिनं हात पदराला पुसले आणि विचारलं, किती वाजता सुटते?

शेवटच्या दिवशी माय कुरडयांचं गाठोडं घेऊन काट्यावर उभी राहिली. गुलाबभाऊ "लाभ" म्हणाले.

"दोन कोण?" मायनं विचारलं. "चढ गुलाब. डोये मीट. कुठं आलो ते मी सांगीन."

गुलाबभाऊ काट्यावर चढले. त्यांना मोजायला कोणी नव्हतं, म्हणून मीच "दोन" म्हणालो. मग मायच्या लुगड्याचा पदर मुठीत धरून ते डोळे मिटून विमानाच्या पायऱ्या चढले. कोणी हसलं नाही. कॅप्टननं खिडकीतून माझ्याकडे पाहिलं. पत्र्यावर दोन थापा मीच मारल्या, आणि खरं सांगतो, रडलो.

मायला लेकीकडे ठेवून आठवड्यानं गुलाबभाऊ परत आले, दोन दिवस बसचे दणके खात. वरून कसं दिसतं, मी विचारलं.

"मले काय मालूम?" ते म्हणाले. "मायनं जेवढं सांगतलं, तेवढंच पाह्यलं."