सासुरवाडीचे मासे

एसटीत मागच्या चाकावरची जागा कुणी मुद्दाम मागून घेतं, हे आमच्या त्र्यंबकनानांना पाहीपर्यंत मला ठाऊक नव्हतं. शहाणा माणूस ती जागा टाळतो. नाना मात्र तिथे बसलेल्याला "पाव्हणं, पुढं खिडकी रिकामी हाये, जा की," म्हणून उठवतात, दुधाची कॅन मांडीवर घेतात आणि खड्डा आला की समाधानाने मान डोलावतात. कॅनमध्ये दूध नसतं. मासे असतात, बोटाएवढे, जिवंत.

रस्ता नवा, गुळगुळीत झाला तेव्हा अख्ख्या बसमध्ये एकटे नाना चिडले. "सपाट रस्त्यावर पाणी हालत न्हाई, मासे गुदमरून राह्यलेत," म्हणत त्यांनी कॅन उचलून स्वतःच गदागदा हलवायला सुरुवात केली. शेजारच्या बाईच्या साडीवर शिंतोडे उडाले.

कंडक्टर म्हणाला, "काका, ताक घुसळता का काय?"

"घुसळतो न्हाई तर काय करतो! ड्रायव्हरला सांग, जरा कडेकडेच्या खड्ड्यातून घे म्हणा."

मी त्याच बसमध्ये दोन बाकं पुढे होतो. या गृहस्थाला आपण ओळखतच नाही असं तोंड करून मी आमचं अंबड येईपर्यंत खिडकीबाहेर पाहत राहिलो.

तसा तो गृहस्थ माझा भिंतीला भिंत लागून शेजारी. पाटबंधारे खात्यातून निवृत्त. जन्मभर पाणी अडवण्याचा पगार खाल्ला आणि आता पाणी घटकाभर थांबलेलं त्यांना खपत नाही. स्वतःही थांबत नाहीत. चहा उभ्याने, पेपर येरझाऱ्या घालत. आमच्याकडे आले की खुर्चीच्या काठावर टेकतात, पाय हलवतात, "निघतो" म्हणतात आणि न बसता तास घालवतात. मी कोर्टात साधा कारकून, पण मला वकीलसाहेब म्हणतात. पाणी असो, सरकार असो, कोर्टातली फाईल असो नाहीतर सकाळचं पोट असो, सगळ्यावर त्यांचं एकच औषध: "हालतं पायजे!"

मासे धावड्याचे. धावडा म्हणजे नानांच्या बायकोचं, आमच्या काकूंचं, माहेर. तिथल्या ओढ्याला पावसाळ्यात डोंगरावरून असा लोंढा येतो की म्हशीचेही पाय सुटतात. त्या धारेत हे मासे दगडाला पोटाने चिकटून निवांत शेवाळ खात बसतात. नाना त्यांना पहिलवान म्हणतात. हिवाळ्यात ओढा आटला की पहिलवान डबक्यात अडकतात आणि बगळे काठावर हजर. मग नाना जाऊन त्यांना वेचून आणतात, उन्हाळाभर सांभाळतात आणि ओढा पुन्हा वाहू लागला की परत नेऊन सोडतात.

"सासुरवाडीचे पाहुणे हायेत," ते म्हणतात. "मान राखावा लागतो."

काकू तोंडाला पदर लावून हसायच्या. "माझ्या भावाला कधी चहा विचारला न्हाई यांनी, अन् माशांची खातिरदारी बघा!"

बैठकीत भली मोठी काचेची पेटी, तळाशी ओढ्यातले दगड, आणि कूलरची मोटर लावून पाण्याला धार. ती धार इतकी खळखळते की आलेल्या पाहुण्याला थोड्याच वेळात बाथरूम कुठे ते विचारावं लागतं. लाइट गेली की नाना लोटा घेऊन वरून पाणी ओतत उभे राहतात, आणि जेवायला बसायचं असलं तर शेजाऱ्यांना पाळ्या लावतात. मीही ओतलंय. गेल्या वर्षी मोटर दुरुस्त करणाऱ्याने उद्या-उद्या केलं आणि एक पहिलवान गेला. त्या मेकॅनिकशी नाना अजून बोलत नाहीत. तो समोरून दिसला तर रस्ता ओलांडतात.

यंदा संक्रांतीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अर्धवट झालं. पायात हळूहळू बळ आलं, हात मात्र तसाच लोंबत राहिला. डॉक्टरांनी बजावलं, हात हलवत ठेवा, हे महिने वाया गेले तर तो कायमचा जाईल. नाना कामालाच लागले. रबरी चेंडू आणला, वाळूची पिशवी शिवली, छताला दोरी टांगली. काकू कशालाच हात लावीनात. एका सकाळी भिंतीपलीकडून नानांचं "अगं, हालतं पायजे!" ऐकू आलं आणि पाठोपाठ काकूंचं रडणं.

त्या संध्याकाळी नाना आमच्याकडे आले आणि खुर्चीत पाठ टेकून बसले. पाय हलत नव्हते. "तिनं सोडूनच दिलाय वो तो हात," एवढंच म्हणाले. मला भीती वाटली. या माणसाच्या अखंड चुळबुळीचा मला किती आधार होता, ते तोवर कळलं नव्हतं.

मग मे महिना आला. रविवारची दुपार, मी कूलरसमोर आडवा. आमचा कूलर ट्रॅक्टरसारखा खडखडतो. तो चालू होता, म्हणजे लाइट होती. तरी एरवी त्या खडखडाटातूनही ऐकू येणारी नानांच्या घरातली धार ऐकू येईना. फ्यूज उडाला असणार! मी अनवाणीच धावलो. त्यांच्या ओट्यावरच्या मीटरजवळ पाहतो तर मेन स्विच खाली पाडलेला. मी हात घातला, तोच नानांनी मनगट धरलं.

"हात लावू नका."

"नाना, मासे मरतील!"

"हळू बोला."

त्यांनी खिडकीकडे बोट केलं. आत पंखा बंद. काकू पेटीशेजारी खुर्चीवर, पुढ्यात बादली. उजव्या हाताच्या बोटांत छोटा गडू. डाव्या हाताने कोपराला टेकू देत त्यांनी तो थरथरत वर नेला आणि कलंडवला. अर्धं पाणी फरशीवर, अर्धं पेटीत. धार पडली तिथे मासे जमले.

"मागं लाइट गेल्ती," नाना कुजबुजले. "मी दुकानात गेल्तो. येऊन बघतो तर ही वतून राह्यली, त्याच हातानं. माझ्यासाठी न्हाई हलवत, वकीलसाहेब. माहेरच्या माशासाठी हलवती. मंग आता रोज मीच लाइट घालवतो."

"आणि मासे?"

"दोन गेले," नाना म्हणाले. "तिला दिसायच्या आत उचलले." शर्ट घामाने अंगाला चिकटला होता. डोळे त्या हातावरून हटत नव्हते.

तेवढ्यात काकूंनी मला पाहिलं. मग त्यांनी भिंतीकडे मान वळवली. पलीकडे आमचा कूलर खडखडत होता, बहिऱ्यालाही ऐकू जावा असा. काकू ओठांच्या डाव्या कोपऱ्याने हसल्या, आणि गडू पुन्हा बादलीत बुडवला. नानांचं तिकडे लक्षच नव्हतं.

घरी येऊन मी आधी कूलर बंद केला.

"लाइट गेली का?" बायकोने आतून विचारलं.

"हो," मी म्हणालो. "गेली."