उणे त्रेचाळीस टोपल्या

मच्छीमार सोसायटीच्या ऑफिसात भागुबाई शिरली ती पदर खोचूनच. मुरुडच्या त्या कोळीवाड्यात नारळी पुनवेला दर्याला पहिला नारळ वाहायचा मान हंगामात सर्वांत जास्त मासळी आणणाऱ्या होडीचा. नवरा गेल्यावर अकरा वर्षं तिनं होडी चालवली होती आणि यंदा मान आपलाच, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. भिंतीवर सात होड्यांची यादी लागली होती. सगळ्यात खाली भागुबाई: उणे त्रेचाळीस टोपल्या.

"गो भाविका, ही आकड्याआधी आडवी रेघ कसली?"

कॉम्प्युटरवर बसलेली भाविका चाचरली. "उणे हाय, मावशी. म्हंजी... शून्याच्या खाली."

"शून्याच्या खाली? होडी बुडली का काय माझी?"

झालं होतं असं, की भागुबाईची नोंदवही पाण्यात भिजून तिचा पार लगदा झाला होता. तेव्हा चेअरमन अनंता नाखव्यानं युक्ती काढली. जेट्टीवर हंगामभर उतरलेल्या टोपल्यांची मोजणी होतीच. त्यातून बाकीच्या सहा होड्या वजा करायच्या, उरेल ते भागुबाईचं. कॉम्प्युटरनं इमानेइतबारे वजाबाकी केली. पण सहा आकडे सहा नाखव्यांनी वही न दाखवता तोंडी सांगितलेले, आणि कोळ्याच्या तोंडी मासा वाढतच जातो. इथं तर समोर नारळ होता! जेट्टीवर उतरली त्याहून त्रेचाळीस टोपल्या जास्त मासळी सहाजणांनीच पकडली. अनंताची होडी अर्थातच पहिली.

"हिशोब चुकलाय, नाखवा."

"तीनदा तपासलाय, भागुबाय. कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय. तुझ्याकडं पुरावा हाय?"

भागुबाईला रडू फुटेल इतका संताप आला. पण रडेल ती भागुबाई कसली!

"खोटं बोलत न्हाय ना? मग यादीवर शिक्का मारा," ती म्हणाली. " एक कागद मला द्या."

पीडा टळली म्हणून अनंतानं दोन शिक्के मारले.

पुनवेला नवी टोपी घालून, नारळ घेऊन अनंता जेट्टीवर निघाला, तर वाटेत भागुबाई उभी.

"नाखवा, यंदा दर्यातून तुम्ही किती घेतलं?"

"तीनशे दहा टोपल्या!" अनंताची छाती फुगली.

"आन् मी?"

"तू... उणे त्रेचाळीस."

"म्हंजी मी त्रेचाळीस टोपल्या दर्यात परत टाकल्या. हा बघा तुमचाच शिक्का. तुम्ही साऱ्यांनी नुसतं घेतलं, दर्याला दिलं ते एकट्या भागुबाईनं. मग नारळ कोण देणार?"

सगळी जेट्टी हसायला लागली. यादी चुकलीय म्हणावं, तर सहाही आकडे पुन्हा मोजायला निघणार. अनंतानं बाकीच्या पाच नाखव्यांकडं पाहिलं. पाचहीजण आभाळाकडं बघत होते.

"यादीत काहीतरी..." तो पुटपुटला.

"कॉम्प्युटर खोटं बोलत न्हाय, नाखवा," भागुबाई म्हणाली आणि तिनं त्याच्या हातातला नारळ काढून घेतला.