उत्तमरावांचं धुणं

बाळापूरच्या वेशीबाहेर, मन नदीच्या काठाला उत्तमरावांचा वांग्या-मिरच्यांचा मळा होता. मळा चांगला, विहीर चांगली, बैलजोडी चांगली आणि उत्तमरावांचं स्वतःबद्दलचं मत तर फारच चांगलं. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेला होता आणि मोठे कारभार नागपुराहून चालायचे. पण त्या आळीपुरतं बोलायचं तर कोणत्याही विषयावरचा शेवटचा शब्द उत्तमरावांचा असायचा. म्हैस काहून आटली, जावयाला काय द्यावं, डोळे आले तर काय घालावं, सगळं त्यांना ठाऊक. विचारायची गरज नसे. ते आपण होऊन सांगत.

चैत्र सरता सरता आळीतल्या सगळ्यांनीच विहिरींचा गाळ उपसायला काढला होता. उत्तमराव संध्याकाळी विहिरीतून वर आले तेव्हा त्यांचा स्वतःचा कुत्रा त्यांच्यावर भुंकला. धोतर-बंडी त्यांनी सोडून भिंतीशी ठेवली. वाळल्यावर ती बंडी भिंतीला टेकून अशी ताठ उभी राहिली, की कोणी पाहुणा पाणी मागायला आलाय असंच वाटावं.

शेजारचे नत्थुजीही तसेच माखून आले होते. दोघं ओट्यावर बसले आणि उत्तमरावांनी विषय काढला.

"नत्थुजी, कपडे धुनं हे काही काम नाई. पानी उकळा, रिठे टाका, दोन घाव घाला, झालं. बाया नदीवर दिवस दिवस बसतात थे गप्पा मारायले."

नत्थुजींनी मान हलवली नाही, कारण उत्तमरावांच्या मागे पार्बताबाई उभ्या होत्या. डोक्यावर ओल्या लुगड्यांचा पिळा, पदरातून पाणी ठिबकतंय. त्यांनी पिळा खाली ठेवला, कंबर सरळ केली आणि नवऱ्याकडे अगदी शांतपणे पाहिलं.

"मंग यंदा गाळाचे कपडे तुमीच धुवा. मी उद्या भावासंगं रिद्धपूरले चालली."

"धुतो ना. त्यात काय हाये?"

"रिठे उतरंडीतल्या तिसऱ्या गाडग्यात हायेत. पुरचुंडी बांधून ठेवली हाये."

"सापडतील मले. घर माह्यंच हाये."

इथं एक गोष्ट सांगून ठेवायला हवी. उतरंड म्हणजे स्वयंपाकघरातली एकावर एक रचलेली मडकी. मोठं खाली, लहान वर. जी बाई उतरंड रचते ती खालून मोजते. जो माणूस उतरंडीतलं नुसतं खातो तो वरून मोजतो. पार्बताबाईंच्या उतरंडीत खालून तिसऱ्या गाडग्यात रिठ्यांची पुरचुंडी होती. वरून तिसऱ्यात, तशाच फडक्यात बांधलेली, बिब्ब्यांची होती. बिब्बा भेगाळलेल्या टाचेला औषध खरा. पण त्याचं तेल भलतीकडे लागलं की कातडी उतते, फोड येतात, तोंडाचा भोपळा होतो. आणि कापडाला लागलं तर त्याचा काळा डाग कापड फाटेपर्यंत जात नाही. परीट त्याच्यानंच तर कपड्यांवर खुणा करतात.

दुसऱ्या दिवशी पार्बताबाईंची बैलगाडी वळणाआड गेली आणि उत्तमरावांनी अंगणात चूल मांडून मोठा हंडा चढवला. वरून तिसऱ्या गाडग्यातली पुरचुंडी काढली. सोडून कोण बघत बसतो? फडक्यासकट वरवंट्यानं ठेचली आणि हंड्यात सोडली. मग गाळाचे कपडे टाकले. मग वाटलं, हात लागलाच आहे तर सगळंच उरकावं. म्हणून घरातलं धुतलेलंही टाकलं. पागोटं टाकलं, सतरंजी टाकली, पोरीच्या, म्हणजे शालूच्या लग्नात पार्बताबाईंनी नेसलेलं जरीकाठी लुगडंही टाकलं. नत्थुजी कुंपणाशी येऊन उभे राहिले.

"उत्तमभाऊ, माह्यं धोतर घेता काय त्याच्यात?"

"आणा. एकानं काय फरक पडते?"

उत्तमराव हंड्यावर वाकून, वाफेत तोंड घालून, काठीनं कपडे ढवळू लागले.

"वास जरा येगळा येऊन राह्यला," नत्थुजी म्हणाले.

"मळ सुटून राह्यला थो. बायका उकळतच नाईत, म्हनून त्यायले हा वास माहीत नाई."

कपडे बाहेर काढले तर सगळ्यांवर काळे ठिपके. जे मळके गेले होते ते ठिपक्यांचे झाले, जे स्वच्छ गेले होते तेही ठिपक्यांचे झाले. उत्तमराव डगमगले नाहीत. गाळ वऱ्हाडचा आहे, एका उकळीत सुटायचा नाही, असं म्हणून त्यांनी सगळं पुन्हा उकळलं, आपटलं, चोळलं आणि पिळलं. ठिपके जिथल्या तिथं राहिले; हंड्यातलं पाणी मात्र खांद्यापर्यंत उत्तमरावांच्या अंगात मुरलं. शेवटी त्यांनी सगळं वाळत टाकलं आणि उन्हानं जाईल म्हणून सोडून दिलं. वाळलेलं धोतर नत्थुजी आनंदानं नेसून गेले.

सकाळी उत्तमरावांना जाग आली, पण डोळे उघडेनात. बोटांनी पापण्या वेगळ्या केल्या तर हात दिसले, आणि ते हात त्यांचे नव्हते. लालभडक, फुगलेले, वर टपोरे फोड. तोंड चाचपलं. नाक सापडायला वेळ लागला. तेवढ्यात दारात नत्थुजी आले, दोन पायांत एक घागर मावेल असं अंतर ठेवून.

"नत्थुजी, तुमच्या कमरेवर फोड हायेत."

"कमरेवरचे काय पाहता? मले बसता येत नाई."

त्यांच्या मागोमाग त्यांची बायको रुख्मिणी आली. तिनं आधी नवऱ्याकडे पाहिलं, मग उत्तमरावांकडे पाहिलं, आणि हात जोडून उंबऱ्यावर डोकं टेकलं.

"माय आली वं आपल्या आळीत. मातामाय आली."

मातामाय म्हणजे देवी, फोडांचा जीवघेणा रोग. त्यांचा थोरला भाऊ लहानपणी देवीच्या साथीत गेला होता. ते खाटेवर बसले आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना कोणाला काही सांगावंसं वाटेना. ते एवढंच म्हणाले, "रुख्मिणीबाई, शालूच्या मायले निरोप नका धाडू. थे तिथंच राहू द्या. तिले नाई लागलं पाह्यजे."

रुख्मिणीनं डोळे पुसले आणि मग ती जी कामाला लागली, ती कोणाच्या बापाला आवरली नसती. दाराला कडुनिंबाचे डहाळे लागले. उत्तमरावांना ओल्या फडक्यावर निजवून डोक्याशी नारळ मांडले. देवी आलेल्या घरी फोडणी करत नाहीत, दाढी करत नाहीत आणि कपडे तर मुळीच धुवत नाहीत, मायला चटका बसतो. रुख्मिणीनं हा नेम सगळ्या आळीला लावला. घरोघर गाळाचे कपडे ढिगानं पडले होते, ते तसेच राहिले. बाया सकाळ-संध्याकाळ येऊन उत्तमरावांच्या पायावर पाणी घालू लागल्या.

उत्तमरावांना आता सगळे 'माय' म्हणत. ओठांवर भरघोस मिशा, गालावर वाढलेली दाढी, आणि बाया म्हणत, "माय, शांत हो. लेकरायवर दया कर."

"मले ठेचा-भाकर द्या जराशी," माय म्हणाली.

"मायले तिखट चालत नाई. दहीभात खाय, माय."

उत्तमराव खाजवू लागले तर रुख्मिणी म्हणाली, "माय खेळून राह्यली." उत्तमराव ओरडले, "अवं, मी उत्तमराव हावो." त्यावर ती बाकीच्या बायांना दबक्या आवाजात म्हणाली, "पाहा, माय झाडाचं नाव सांगून राह्यली." देवी ज्याच्या अंगात येते तो माणूस म्हणजे तिचं झाड; ते झाड बोलतंय हे पाहून बायांनी आणखी नारळ आणले.

नत्थुजींनाही तिथंच, माजघरात पालथं निजवलं होतं. ते धाकटी माय. त्यांच्याकडे नारळ कमी येत, आणि बाया नमस्कार करायच्या तो लांबून, तोंड फिरवून. "साऱ्या आळीचं दही थोरलीलेच," असं ते भिंतीकडे पाहून बोलत. उत्तमरावांना ते ऐकू येई. आपल्या थोरलेपणाचं त्यांना, एवढ्या खाजेतही, थोडंसं बरं वाटे.

इकडे पाटलांनी घाबरून कचेरीत वर्दी देऊन टाकली, की वेशीबाहेर देवीची साथ आहे.

पार्बताबाई परत आल्या त्या भर दुपारी. गाडीतूनच त्यांना दाराचा कडुनिंब दिसला आणि बायांची गाणी ऐकू आली. त्यांनी गाडी थांबायची वाट पाहिली नाही. बोचकं रस्त्यात पडलं, त्या धावतच घरात शिरल्या, बायांना बाजूला सारलं आणि उत्तमरावांचा सुजलेला हात दोन्ही हातांत धरला.

"माह्या मागं हे काय होऊन बसलं वं बाई," असं म्हणून त्या हुंदके देऊ लागल्या. "मीच टोचून बोलली. मीच गेली निघून."

"तू जाय इथून," उत्तमराव फटीएवढ्या डोळ्यांतून त्यांच्याकडे पाहत म्हणाले. "तुले लागंन."

"लागू द्या."

त्या तशाच रडत बसल्या. मग डोळे पुसायला म्हणून त्यांनी खाटेवरच्या धोतराचा सोगा उचलला, आणि तो हातातच राहिला. सोग्यावर काळे ठिपके होते. त्यांनी पांघरूण पाहिलं. ठिपके. खुंटीवरचं पागोटं पाहिलं. ठिपके. हुंदका मधेच थांबला.

"रिठे कोनत्या गाडग्यातले घेतले?"

"तिसऱ्या. तूच सांगतलं."

"खालून का वरून?"

उत्तमरावांनी सुजलेलं बोट वर केलं. बायांची गाणी थांबली. पार्बताबाई उठल्या, अंगणातल्या हंड्याच्या तळाशी हात न घालता काठीनं ती पुरचुंडी उचलून घेऊन आल्या आणि सगळ्यांसमोर उंबऱ्यावर टाकली. फडकं उलगडलं. आतून ठेचलेले काळेकुळकुळीत बिब्बे बाहेर आले.

माजघरातून नत्थुजींचा आवाज आला, "काय झालं? कोनी सांगता काय मले?"

कोणी सांगितलं नाही. पार्बताबाईंना हसू आवरेना. आधी पदर तोंडात धरून, मग पदर सोडून, मग भिंतीला धरून त्या हसल्या. मग त्यांनी डोक्याशी मांडलेला एक नारळ उचलून उंबऱ्यावर फोडला. बिब्ब्यावर खोबरं आणि तीळ हाच उतारा. देवीचे सगळे नारळ वाटून त्या दोन्ही मायांच्या अंगाला लागले. रुख्मिणी म्हणाली की तिचा नारळ तिला परत पाहिजे. पण तो तेव्हा तिच्याच नवऱ्याला, जिथं लागायचा तिथं, लागला होता.

गोष्ट इथंच मिटायची. पण दुसऱ्या दिवशी आळीत देवीडाक्तर उतरला, म्हणजे देवी टोचणारा सरकारी माणूस. सोबत चपराशी, पेटी आणि साथीची वर्दी. आजवर तो आला की अर्धी आळी मळ्यांत पळायची. या वेळी पळायला सवड मिळाली नाही.

"साहेब, देवी नाईत. बिब्बे हायेत," पाटील म्हणाले.

"असतील," देवीडाक्तर पेटी उघडत म्हणाला. "वर्दी देवीची आहे. मी बिब्बे टोचायला आलेलो नाही. बाह्या वर करा."

म्हातारेकोतारे, बाया, बाप्ये, एकूण एक टोचले गेले. रुख्मिणीनं सर्वांत जास्त आरडाओरडा केला म्हणून तिला सर्वांच्या आधी टोचलं. नत्थुजींचे दंड ठीक होते, तेही टोचले. उत्तमरावांपाशी येऊन मात्र देवीडाक्तरनं त्यांचे दोन्ही दंड फिरवून पाहिले.

"याला जागाच नाही. राहू द्या याला."

बिब्ब्याची सूज खोबऱ्यानं हळूहळू उतरली. ती उतरली त्याच सुमाराला आळीतले सगळे दंड चढले. कोणाला मोट हाकता येईना, कोणाला घागर उचलता येईना. साऱ्या आळीत धड हात राहिले दोनच, आणि ते उत्तमरावांचे. ते ओट्यावर बसून नत्थुजींना दंड सुजल्यावर काय लावावं ते सांगत होते, तेव्हा समोरून बाया येताना दिसल्या. पुढं रुख्मिणी. प्रत्येकीचा एक हात गळ्यात बांधलेला आणि दुसऱ्या काखेत बोचकं.

रुख्मिणीनं आपलं बोचकं उत्तमरावांच्या पायाशी टाकलं. त्यातून गाळानं कडक झालेल्या धोतराचं टोक बाहेर आलं. मागोमाग बाकीची बोचकी पडली. उत्तमरावांनी बायकोकडे पाहिलं. पार्बताबाई सुजलेला दंड शेकत होत्या; त्यांनी मान दुसरीकडे वळवली.

"हे काय?" उत्तमरावांनी विचारलं.

"माय," रुख्मिणी म्हणाली, "निऱ्या जरा नीट चोळजो."