गवताच्या गाडीचे डॉक्टर

आमच्या कॉलनीतली गवत कापायची गाडी बिघडली की डॉक्टर फरकाडे आधी तिच्या बॉनेटवर उलटा हात ठेवून ताप बघतात. मग विचारतात, "काल काय खाल्लं हिनं?"

फरकाडे गुरांचे डॉक्टर. सगळी नोकरी सिल्लोडच्या बाजूला झाली. निवृत्तीनंतर गारखेड्यात आमच्या शेजारी घर बांधलं आणि मग त्यांच्या लक्षात आलं, की इथे गुरं नाहीत. तेव्हापासून आमचे मिक्सर, पंखे आणि माझी स्कूटर त्यांच्या उपचाराखाली आहेत. पण खरा जीव त्या गाडीवर.

ही गाडी छोट्या ट्रॅक्टरसारखी आहे, बसून चालवायची. पाती पोटाखाली असतात. कॉलनीच्या मैदानासाठी चेअरमननी ती एका बंद पडलेल्या रिसॉर्टकडून जुन्यात घेतली. उद्घाटनाला फीत होती, नारळ होता आणि पर्यावरणावर लांबलचक भाषण होतं. चेअरमन गाडीवर स्थानापन्न झाले आणि किल्ली फिरवली. गाडी दोनदा खोकली आणि गप्प झाली. टाळ्या तोवर वाजून गेल्या होत्या.

फरकाड्यांनी टाकीचं झाकण काढून वास घेतला. "पोटात शिळं आहे. रिसॉर्ट बंद पडल्यापासूनचं पेट्रोल. तुम्ही खाल का, साहेब?"

चेअरमन नाही म्हणाले. जुनं पेट्रोल काढलं, कार्बुरेटर धुतला आणि गाडी चालू झाली.

पुढे पावसाळ्यात ओल्या गवताचा गोळा पात्यांभोवती घट्ट बसला, तेव्हा निदान झालं, "पोट फुगलंय." पाती बोथट झाली तेव्हा, "दात गेले. तोडत नाय, नुसती चघळतीय." पट्टा झिजला तेव्हा ते चेअरमनना बाजूला घेऊन हळू आवाजात म्हणाले, "घरच्यांनी मनाची तयारी ठेवावी."

गाडी ते स्वतः चालवत मात्र नाहीत. "डॉक्टरनं रोग्याच्या पाठीवर बसू नाय. बाहेरून ऐकावं लागतं." चालवतात त्यांच्या पत्नी, शकुंतलावहिनी. माहेरी त्यांनी ट्रॅक्टर चालवला होता; लग्नानंतर स्टिअरिंगला हात लागला तो थेट या गाडीच्या. दर रविवारी सकाळी पदर खोचून, काळा चष्मा लावून त्या मैदान कापतात. डॉक्टर कान देऊन शेजारून चालतात आणि वहिनी ओरडतात, "अहो, बाजूला व्हा, पाय जाईल."

यंदा हिवाळ्यात वहिनी आजारी पडल्या. दवाखान्यातून घरी आल्या त्या निम्म्या होऊन. चतकोर भाकरीवर उठायच्या. हट्ट एकच, रविवारी गाडी मीच चालवणार.

"चालवू दे, भाऊ," डॉक्टर मला म्हणाले. "तेवढंच मागतीय. जेवण तर मागत नाय."

रविवारी गाडी सुरू झाली. उंचवट्यावर जरा धक्का बसला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद.

"भंगारात देऊन टाकू," चेअरमन म्हणाले. "आता माणूस न लागणारी गाडी मिळते." चेअरमनना माणूस न लागणाऱ्या सगळ्याच गोष्टी आवडतात.

वहिनी खाली उतरल्या. "माझ्याच हाताचा गुण गेला वाटतं," एवढंच म्हणाल्या.

आठवडाभर डॉक्टरांनी प्लग, फिल्टर, बॅटरी, वायरी, सगळं तपासलं. सगळं ठणठणीत. पुढच्या रविवारी त्यांनी मला बसवलं. गाडी बिनतक्रार चालली. मग चेअरमनना बसवलं. गाडी थोडी खचली, पण चालली. मग वहिनी बसल्या. उंचवटा आला आणि बंद.

फरकाडे सीटकडे बघत उभे राहिले. सीटखाली एक बटण असतं. माणूस बसला की ते दाबलं जातं आणि उठला की सुटतं. मग पाती आणि इंजिन लगेच थांबतात, अपघात नको म्हणून. वहिनी बसलेल्या होत्या. गाडीच्या मते सीटवर कोणी नव्हतं.

"सीटची स्प्रिंग आखडलीय," डॉक्टर म्हणाले. "थंडीनं."

"म्हंजी माझं काई चुकत नाय?"

"तुझं काय चुकणार? जनावरच अडेल हाय."

मऊ स्प्रिंगसाठी ते औरंगपुऱ्याचा सगळा बाजार पालथा घालून आले. मिळाली नाही. बटण तारेने कायमचं जोडून टाका, असा सल्ला चेअरमननी दिला.

"आणि ती सीटवरून घसरली तर पाती थांबवायला तुम्ही येता का?" फरकाडे म्हणाले. त्यांचा आवाज चढलेला मी तेव्हाच ऐकला.

त्यानंतरच्या रविवारी सीटवर एक जाड, वजनदार खाकी उशी होती, सिल्लोडहून आणलेल्या मक्याने गच्च भरलेली. कडेला गुरांच्या जखमेला घालतात तसले टाके. नुसत्या उशीवर गाडी बंदच पडते, हे त्यांनी आधी माझ्यासमोर पुन्हा पुन्हा तपासून घेतलं.

"टोचतंय हे," वहिनी म्हणाल्या.

"टोचू दे. कमरेला चांगलं असतं."

गाडी उंचवट्यावरून गेली. डॉक्टर कान देऊन ऐकत होते. वहिनी पार कुंपणापर्यंत जाऊन वळल्या आणि चेअरमनना म्हणाल्या, "बाजूला व्हा."

काल मी त्यांच्या अंगणात गेलो तर फरकाडे उशीचे दोन टाके उसवत बसले होते. मूठभर मका काढून त्यांनी कबुतरांना टाकला.

"काढला कशाला?"

"आज अर्धी भाकरी खाल्ली तिनं," ते सुईत दोरा ओवत म्हणाले.

"आणि उद्या गाडी बंद पडली तर?"

"पडली तर परत भरू. मका लई हाय आपल्याकडं."